चिया ‘मिक्स’ दिसतो, कारण तो तसाच असतो

नमस्कार ताई. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, की लक्ष्मीपुरीतल्या आमच्या दुकानातून नेलेला चिया भेसळीचा आणि जुना निघाला. पाकिटात काळे, करडे, पांढरे दाणे एकत्र होते. लिंबू सरबतात घातला तर सब्ज्यासारखा फुलला नाही, तळाला गठ्ठा बसला आणि पाण्याची खळ झाली. वर दर जादा. उन्हाळा लागला की काउंटरवर हेच रोज ऐकतो, म्हणून इथंच सविस्तर लिहितोय.

रंगाचं म्हणाल तर चियाचा दाणा असाच असतो. चिमूटभर तळहातावर घेऊन उजेडात बघा: गुळगुळीत, चकचकीत, आणि करड्या दाण्यावर बारीक नक्षी. सब्जा सगळा काळा, त्याला तशी चकाकी नसते. उलट चिया म्हणून कुणी एकजात काळाकुळकुळीत, बिनचमकीचा माल दिला, तर तिथं शंका घ्या!

आता फुलण्याचं. सब्जा पाण्यात पडला की पाच-दहा मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती धुरकट पांढरं आवरण येतं, मधे काळा ठिपका, आणि दाणे बऱ्यापैकी सुटे राहतात. म्हणून फालुद्यात तोच चालतो. चियाला अर्धा तास तरी द्यावा लागतो, त्याचा चिकट थर पातळ असतो आणि तो सगळं पाणीच दाट करतो. तुम्ही जिला खळ म्हणताय ती व्हायलाच पाहिजे. गठ्ठा मात्र टळतो. टाकल्यावर लगेच ढवळायचं आणि दोन-तीन मिनिटांनी परत एकदा. चियात तेल भरपूर, त्यामुळं जुना झाला की खवट वास मारतो. तशी तक्रार तुमच्या लिहिण्यात कुठंच नाही.

दोन्ही पुदिन्याच्याच कुळातले, पण झाडं वेगळी. सब्जा तुळशीच्या जातभाईचं बी (अंगणातल्या तुळशीचं नव्हे, तेही बरेच जण विचारतात), तर चिया मूळचा मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा. दोन वेगळ्या जिनसांना दोन दर. चियात ओमेगा-3 चांगलं असतं, 100 ग्रॅममध्ये साधारण 17 ग्रॅम प्रोटीन. पण खाणार आपण मोठा चमचाभर, म्हणजे प्रोटीन दोन ग्रॅमच्या आसपास. त्यानं पोट उतरेल असं आम्ही कुणाला सांगून विकत नाही.

माल चांगला आहे आणि पाकीट फोडलेलं आहे, त्यामुळं पैसे परत मिळणार नाहीत. उरलेला चिया रात्री दुधात नाहीतर दह्यात भिजवून संपवा. कोरडा चमचा तोंडात टाकून वर पाणी पिऊ नका, घशात फुगून अडकू शकतो. सरबताला सब्जाच न्या. तरीही शंका असेल तर पाकीट घेऊन दुकानी या, दोन वाट्यांत दोन्ही तुमच्यासमोर भिजत घालतो. अर्धा तास बसायच्या तयारीनं या म्हणजे झालं.