गच्ची गळायच्या आधीचं नियोजन

कामाला हात घालायची घाई करू नका. कोल्हापुरात ही घाई फार. चौघांचं कट्ट्यावर ठरतं आणि चौघं तसेच पन्हाळ्याला निघतात. वाटेत गाडी बंद पडते, मग तिथंच मिसळ हाणतात आणि ‘लई भारी झालं’ म्हणत माघारी येतात. पन्हाळा राहिला तो राहिलाच. असल्या माणसांकडून काय शिकणार? माझ्याकडून शिका.

सुरुवात वहीपासून करा. घरातली वापरातली वही चालणार नाही, तिच्यात दुधाचा हिशेब असतो. महाद्वार रोडला जाऊन ठिपक्याच्या पानांची कोरी वही आणा. पहिल्या पानावर पट्टीनं समास आखा आणि ‘उद्दिष्टे’ असं लिहा. यातला ‘द्दि’ फार महत्त्वाचा. माझा पहिल्यांदा बिघडला, म्हणून पान फाडलं. शिवणीच्या वहीचं एक पान फाडलं की पलीकडचं जोडपानही सुटून हातात येतं. मग ती वही मनातून उतरते आणि दुसरी आणावी लागते. तिसऱ्या वहीला दुकानदारानं आपुलकीनं विचारलं, “पोरगं कितवीला हाय?”

वही जमली की पद्धत निवडा. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसानं विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास केला आणि त्यातून पोमोदोरो पद्धत निघाली. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं विश्रांती. त्यानं हाताला लागलं ते घड्याळ घेतलं, हा त्याचा उतावीळपणा. आपण आधी सगळी अ‍ॅपं उतरवून त्यांची तुलना करायची. मी घंटेचा आवाज निवडण्यात दोन संध्याकाळी घालवल्या आणि दोन्ही वेळा विश्रांती मात्र चुकवली नाही.

नियोजनात कुणासारखं वागू नये, याचं उदाहरण आपल्या गावातच आहे. अंबाबाईचा किरणोत्सव. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी अशा तारखा ठरलेल्या. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी मूर्तीच्या मध्यापर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचायची. पण कधी ढग आडवे येतात, कधी वाटेतली बांधकामं, आणि किरणं कमरेपर्यंत येऊन लुप्त होतात. आता सूर्यानं काय करायला हवं होतं? वाट साफ होईस्तोवर घरी बसायला हवं होतं. तो दुसऱ्या दिवशी परत हजर. आणि माणसं तरी कशी! किरणं गुडघ्यापर्यंत आली तरी हात जोडतात. अर्धवट कामाला हात जोडायची ही सवय मोडली पाहिजे.

माझ्या गच्चीचं सांगतो, म्हणजे पद्धत कळेल. मार्चमध्ये गच्चीला चीर दिसली, वीतभर. शेजारच्या मामांनी कठड्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाले, “सिमिट आन् केमिकल आणून ठेव. रविवारी दोघं मिळून बुजवून टाकू.” मी नुसता हसलो. चीर बुजवणं म्हणजे काय गच्चीचं काम झालं? समग्र आराखडा हवा. मी तीन ठेकेदारांचे दर मागवले, अकरा निकषांचा तक्ता केला, प्रत्येकाला दहापैकी गुण दिले. मेअखेर दोघांचे गुण सारखे भरले. साहजिकच बारावा निकष शोधणं आलं. मामांनी मधल्या एका रविवारी आपल्या गच्चीला थापून घेतलं. थापी फिरल्याच्या खुणा अजून दिसतात, रंगही जुळत नाही. “गळत न्हाई न्हवं?” एवढा एकच मुद्दा त्यांच्याकडं आहे.

अशा वेळी खचायचं नाही. वेळेचा अंदाज हमखास कमी धरण्याच्या माणसाच्या खोडीला डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नावच दिलंय. सिडनीचं ऑपेरा हाऊस 1963 साली उभं राहायचं होतं, ते 1973 साली उघडलं. म्हणजे दहा वर्षं तर आपल्या हक्काचीच, असा याचा अर्थ मी काढलाय.

जुलैत पंचगंगा चढायला लागली आणि आमच्या हॉलमध्ये ठिबकायला लागलं. बायकोनं खाली पातेलं सरकवलं आणि ती निघून गेली. कसलंही मोजमाप नाही! पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर कशी 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी ठरलेली असते. मी पातेल्याला आतून स्केचपेननं तशाच दोन रेघा मारल्या, खाली पिवळी, वर लाल. पिवळी जराशी तिरकी आली म्हणून ती थिनरनं पुसायला घेतली, तोवर पाणी लाल रेघेच्या वर.

“अहो, ओता ते आधी.”

“थांब गं, रेघ सरळ होऊ दे.”

तिनंच ओतलं आणि पातेलं पुन्हा ठेवलं, पण चार बोटं डावीकडं. आता थेंब नेमका काठावर पडतो, निम्मा आत आणि निम्मा फरशीवर. मध्य काढून ठेवायचं म्हणून मी कंपास शोधतोय. तुमच्याकडं असला तर घेऊन या, फक्त येताना पेन्सिलीला टोक नीट करून आणा.