बीप येतो, प्रॉप काढला की मोटर फिरते, लावला की नुसती थरथरते : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कॉलेजच्या रिमोटवर उडणाऱ्या विमानात ए२२१२ जातीची १००० केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला १००० फेरे) मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), थ्री-सेल २२०० एमएएचची लिपो बॅटरी आणि १०४५ प्रॉप (१० इंची पंखा) आहे. मोटर न फिरण्यावरच्या माझ्या लेखाप्रमाणे थ्रॉटल (वेगाची स्टिक) कॅलिब्रेट केला, म्हणजे स्टिकचा तळ आणि माथा ईएससीला शिकवला, बॅटरी १२.१ व्होल्ट दाखवते, बीप नीट येतात, तरी स्टिक वर नेली की मोटर जागच्या जागी थरथरते. ईएससी नवा आणला, तरी तेच. प्रॉप काढला की मात्र मोटर फिरते. म्हणजे लेखातला ‘आधी प्रॉप काढा’ हा सल्ला दोष लपवतो, असा तुमचा आक्षेप.

आक्षेप अर्धा बरोबर आहे. प्रॉपशिवाय ही मोटर अँपिअरभरसुद्धा ओढत नाही, प्रॉप लावल्यावर पूर्ण थ्रॉटलला दहाच्या पुढे जाते. करंट वाढल्यावरच दिसणारा दोष प्रॉपशिवाय दिसणार नाही, हे लेखात यायला हवं होतं. आता घातलं आहे. पण सल्ला मागे घेणार नाही. ११.१ व्होल्टला १००० केव्ही म्हणजे बिनभाराचे मिनिटाला ११ हजार फेरे. थरथरणारी मोटर कोणत्या क्षणी उचल खाईल सांगता येत नाही, आणि नेमकी तेव्हाच मुलांची बोटं तिथे असतात. प्रॉप लावून चाचणी सगळ्यात शेवटी करा: विमान टेबलाला घट्ट बांधून, सगळ्यांनी प्रॉपच्या मागे उभं राहून.

शिवाय ती प्रॉपशिवायची चाचणी वाया गेलेली नाही. मोटर फिरली, म्हणजे ट्रान्समीटर, बाइंडिंग (त्याची रिसीव्हरशी जुळलेली जोडी), थ्रॉटल चॅनेल आणि ईएससीला मिळणारा सिग्नल ठीक आहे. तिथेच थांबून पुढे मोटरच्या बाजूला बघायचं होतं. नव्या ईएससीचा खर्च वाचला असता.

आणि तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलं आहे, ‘मोटरच्या तारा लांब होत्या, कापून बुलेट कनेक्टर पुन्हा लावले.’ माझा पहिला संशय तिथेच आहे.

या मोटरच्या बाहेर येणाऱ्या तीन तारा म्हणजे वेगळी जोडलेली वायर नव्हे. आतल्या वाइंडिंगचीच (गुंडाळ्यांचीच) तांब्याची तार बाहेर काढून वर नळी चढवलेली असते. आत बारीक तारांचा जुडगा, आणि प्रत्येक तारेवर इनॅमलचा, म्हणजे वीज अडवणाऱ्या लेपाचा थर. कारखान्यात फक्त टोकाशी तो काढून सोल्डर चढवलेलं असतं. तुम्ही कापलं ते नेमकं तेच टोक. उरलेल्या इनॅमलवर सोल्डर नुसतं लपेटून बसतं. बाहेरून सोल्डरचा डाग (जोड) चकचकीत दिसतो, पण जुडग्यातल्या एखाद-दोन तारांनाच धरलेला असतो. मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीला एक तारही पुरते, म्हणून तो बीप देतो आणि आपण फसतो. रोध मोजायला जाल तर वाइंडिंगचाच रोध ओहमच्या दहाव्या भागाइतका, साध्या मीटरला फरक कळत नाही.

तिन्ही डाग उघडा. नळी १५ मिलिमीटर मागे सारा, जुडगा पंख्यासारखा पसरा आणि एकेक तार ब्लेडच्या पाठीने किंवा बारीक पॉलिश पेपरने सगळ्या बाजूंनी घासा, लालसर तांबं दिसेपर्यंत. लायटरने जाळू नका, तांबं काळं पडतं आणि सोल्डर धरत नाही. मग पीळ द्या, फ्लक्स (सोल्डर नीट धरायला लावायची पेस्ट) लावा, ६० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने सोल्डर आतपर्यंत मुरू द्या. कापलेल्या टोकाकडून बघितलं तर तारांमधल्या फटी भरलेल्या दिसायला हव्यात. त्यानंतरच बुलेट, आणि वर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी).

एवढं करूनही थरथर राहिली तर मोटर माउंटचे स्क्रू काढून बघा. लांब स्क्रू आत शिरून वाइंडिंग खरवडतो. मोटरची कुठलीही तार आणि मोटरचं अंग यांच्यात कंटिन्युइटी आली, तर मोटर गेली समजा. बॅटरीचे १२.१ व्होल्ट हे भार नसतानाचे आहेत. प्रॉप लावून बांधलेल्या विमानात बॅलन्स प्लगवर (बॅटरीच्या प्रत्येक सेलची तार असलेला छोटा प्लग) प्रत्येक सेल वेगळा मोजा; तिघांतला एकच झपकन ३.३ व्होल्टच्या खाली जात असेल तर तो सेल संपला आहे. स्पर्धेच्या विमानात लाल आर्मिंग प्लग (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा प्लग) असेल तर तोही हलवून पाहा, ढिला प्लग हुबेहूब हेच करतो.

ज्यांची मोटर प्रॉपशिवायही फिरत नाही, त्यांनी बीप ऐकावेत. ते ईएससी मोटरच्याच कॉइलमधून वाजवतो. हॉबीविंग कंपनीच्या स्कायवॉकर ईएससीवर दर दोन सेकंदांनी एक बीप म्हणजे थ्रॉटलचा सिग्नल पोचत नाही. पाव सेकंदाच्या अंतराने भराभर बीप म्हणजे थ्रॉटल तळाला नाही, तेव्हा ट्रिम (स्टिकशेजारचं बारीक समायोजन) खाली घ्या आणि तिसरा, म्हणजे थ्रॉटलचा चॅनेल रिव्हर्स (उलटा) आहे का पाहा. दुसऱ्या बनावटीचे बीप वेगळे असतात, सोबतचा कागद बघावा.

जुना ईएससी टाकून देऊ नका. डाग नव्याने दिल्यावर आधी प्रॉपशिवाय, मग विमान बांधून त्याच ईएससीवर चालवा; बहुतेक तो चांगलाच निघेल.