दुचाकीस्वार मध्येच का सरकतो?

गेली १४ वर्षे मी मुलुंड ते अंधेरी मोटरसायकलने ये-जा करतो आणि रविवारी घरच्यांना घेऊन कार चालवतो. ‘बाइकवाले कट मारतात’ ही कारचालकांची तक्रार पुष्कळदा खरी असते आणि डावीकडून घुसणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. तरीही दुचाकी मध्येच सरकली म्हणजे चालवणारा उद्धट आहे, असे कृपया लगेच समजू नका.

गेल्या जुलैत जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पवईजवळ, भर पावसात, मेट्रोच्या कामासाठी टाकलेली लोखंडी प्लेट अचानक माझ्या पुढ्यात आली. ओल्या लोखंडावर ब्रेक दाबला की चाक घसरते, म्हणून ब्रेकला हात न लावता मी हातभर उजवीकडे सरकलो आणि मागच्या कारचा बंपर माझ्या चाकाला जेमतेम चुकला. पुढच्या सिग्नलला त्या गृहस्थांनी काच खाली करून मला खडसावले. त्यांचे चिडणे स्वाभाविक होते, कारण त्यांच्या चार चाकांखाली ती प्लेट नुसती खडखडली असणार. पेव्हर ब्लॉक, गटाराचे झाकण, उड्डाणपुलाचा सांधा, झेब्रा क्रॉसिंगचा ओला रंग, या साऱ्यांचे तसेच आहे. शिवाय आम्ही अनेकदा नुसता गिअर उतरवून वेग कमी करतो आणि तेव्हा मागचा लाल दिवा लागत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते, हे लक्षात घेतले तर पावसात तीन सेकंदांचे अंतर जास्त वाटू नये.

सागरी सेतू, कोस्टल रोड आणि अटल सेतू यांवर दुचाकींना मनाई असल्याने जुन्या, उखडलेल्या रस्त्यांवाचून आम्हाला पर्याय नसतो. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत दगावलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के लोक दुचाकीवरचे होते.

मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती थांबलेल्या कारच्या दाराची. दादरला असेच एक दार उघडले आणि माझ्या धाकट्या भावाचे मनगट मोडले. उघडणाऱ्याने मागे पाहिलेच नव्हते. उजवीकडचे दार डाव्या हाताने उघडले की अंग आपोआप वळते आणि नजर मागे जाते. डावीकडच्या दारासाठी उजवा हात वापरावा. माझी नऊ वर्षांची मुलगी डावीकडे बसते. हँडलला उजवा हात लावून ती आधी मागे पाहते आणि ‘बाबा, एक बाइक येतेय’ म्हणत तशीच थांबते.