खुलासा : फिजिओथेरपी म्हणजे ‘महागडं मालिश’ नव्हे

‘फिजिओथेरपिस्ट आणि मालिश करणारा एकच काम करतात, फरक फक्त पैशांचा,’ असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. अर्थात, गैरसमजाला थोडा इतिहास आहे: ब्रिटनमध्ये 1894 साली चार परिचारिकांनी मालिश करणाऱ्यांची संस्था काढली, तीच पुढे फिजिओथेरपिस्टांची संस्था झाली. पण व्यवसाय तिथेच थांबला नाही.

कंबरेतून पायात कळ जाते म्हणून तुम्ही गेलात, तर फिजिओथेरपिस्ट आधी उताणं झोपवून, गुडघा न वाकवता पाय वर उचलून बघेल. मग पायाचा अंगठा वर ओढायला सांगेल, बधिरपणा कुठे आहे ते तपासेल, गुडघ्यावर छोटी हातोडी मारेल. यातून कोणती नस दबली असावी याचा अंदाज येतो आणि व्यायाम त्यावरून ठरतात. हाताने चोळणं हा त्यातला लहानसा भाग, कधीकधी तर तोही नसतो.

याचा अर्थ मालिश कुचकामी, असा मुळीच नाही. थकलेले, आखडलेले स्नायू सैल करण्यात मुरलेला हात तो मुरलेलाच! पण निदान करणं, ‘मणका सरकलाय, बसवतो’ म्हणणं हे मालिशवाल्याचं काम नव्हे. आणि एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागत असेल, दुखत असेल, तर ती कुणालाच चोळू देऊ नका; आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. जाणता मालिशवाला अशा वेळी हात मागे घेतो आणि डॉक्टरकडे पाठवतो.