खुलासा : ‘व्हॅनगार्ड’वरचं जहाज ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ नव्हे

‘व्हॅनगार्ड’ या अवजड माल वाहणाऱ्या जहाजाच्या पाठीवर अख्खं प्रवासी जहाज, असा एक फोटो फिरतोय. सोबत मजकूर : ‘व्हॅनगार्डने क्रेनने कोस्टा कॉन्कॉर्डिया उचललं आणि डॉकवाइज कंपनी मोठी झाली.’ यातलं जवळपास सगळंच चूक.

2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कलंडलेलं प्रवासी जहाज कोस्टा कॉन्कॉर्डिया हलवायला व्हॅनगार्ड ठरलं होतं खरं, पण जुलै 2014 मध्ये त्याचा सांगाडा टगबोटींनी (ओढणाऱ्या बोटींनी) इटलीतल्याच जेनोआ बंदराला नेला. व्हॅनगार्डवर दिसणारं प्रवासी जहाज ‘कार्निव्हल व्हिस्टा’. 2019 मध्ये बहामात दुरुस्तीसाठी चढवलेलं.

क्रेनचा तर संबंधच नाही. बॅलास्ट टाक्यांत (जहाज जड करायच्या टाक्यांत) पाणी घेऊन 275 मीटर लांब, 70 मीटर रुंद व्हॅनगार्ड खाली बसतं; डेकवर 16 मीटरपर्यंत पाणी येतं. माल तरंगत आत आणून लाकडी ठोकळ्यांच्या नेमक्या वर धरतात, मग टाक्यांतलं पाणी उपसतात आणि डेक मालासकट वर येतो. ठोकळे चुकले की मालाचा तळ चेपतो. डेक पाण्याखाली असताना स्थैर्य सर्वांत कमी. तेव्हा सगळी मदार पाण्यावर राहणाऱ्या कडेच्या मनोऱ्यांवर.

कंपनीची वाढही जुनी : 1993 मध्ये दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातून डॉकवाइज झाली, 2013 मध्ये ती बॉस्कालिस या डच कंपनीने घेतली. व्हॅनगार्ड बांधलं तेही मुख्यतः समुद्रातल्या तेल-वायूच्या अजस्र प्लॅटफॉर्मांची वाहतूक करण्यासाठी.