गाईडमधलं वाक्य आणि माझ्या माश्या

जीन्स गुणसूत्रावर कुठल्या क्रमाने आणि किती अंतरावर बसतात, यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, पण तेव्हा उत्तर लिहिलं असतं तर ते इथे टाकण्यासारखं राहिलं नसतं. तुम्ही म्हणता, "रिकॉम्बिनेशनचे टक्के म्हणजेच जीन्समधलं अंतर हे गाईडमधलं वाक्य आहे, लेखकाने आयुष्यात एक तरी क्रॉस केलाय का?" (रिकॉम्बिनेशन म्हणजे आईबापांकडून एकत्र आलेल्या जीन्सची जोडी मोडून पिल्लांत नवी जोडी दिसणं.) अहो, अर्धा मुद्दा आणि अर्धा टोमणा, मी नक्की कशाला उत्तर देऊ?

लेखातल्या तक्त्यात १८ च्या जागी १.८ पडलंय, ते मान्य, चूक माझी.

आता क्रॉस, म्हणजे संकर. बीएस्सीला फळमाश्यांचा केलाय, पांढरे डोळे, छोटे पंख आणि वाकडे केस, तीन जीन्सचा. ईथरने झोपवलेल्या माश्या ब्रशने एकेक सरकवायच्या आणि केस वाकडे की सरळ हे मायक्रोस्कोपखाली ठरवेपर्यंत त्या पाय झाडायला लागायच्या. पांढरे डोळे, वाकडे केस पण पंख नॉर्मल, अशा अगदी मोजक्या निघाल्या, सर म्हणाले मोजण्यात चुकलायस, काढून टाक. मी नाही काढल्या. सगळ्यात कमी निघालेल्या माश्या म्हणजे डबल क्रॉसओव्हर, गुणसूत्रांच्या तुकड्यांची दोनदा अदलाबदल झालेल्या, आणि त्यांच्यात एकटा पंखच बदललाय म्हणजे पंखांचा जीन मधला, अख्खा क्रम त्यांच्यावरच ठरतो. झालं समाधान?

लेखातल्या १००० माश्या परत बघा. पहिल्या दोन जीन्समध्ये ९० सिंगल, म्हणजे एकदाच अदलाबदल झालेल्या, पुढच्या दोनमध्ये ९०, डबल १०. म्हणून अंतरं १० आणि १०, पण टोकाच्या दोन जीन्सचं थेट मोजलं तर १८ च येतं, कारण डबलवाल्या १० माश्यांत दोनदा अदलाबदल होऊन टोकं परत जुन्याच जोडीत बसतात आणि मोजणीतून निसटतात. हे लेखात आहे हो, पूर्ण वाचला असतात तर दिसलं असतं! लांबचं अंतर असं कमी भरतं हे अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ स्टर्टव्हंटने १९१३ च्या जीन्सच्या पहिल्या नकाशाबरोबरच लिहिलंय, आणि तरी त्याने अंतराचं एकक टक्क्यावरूनच घेतलं. कॉलेजात शिकत असताना एका रात्रीत नकाशा काढणारा पोरगा तो, त्यालाही गाईडवाला म्हणणार का?

राहिलं इंटरफिअरन्स (एका अदलाबदलीमुळे शेजारी दुसरी कमी होणं) आणि हॉल्डेनचं सूत्र (टक्क्यांवरून खरं अंतर काढायचं). आकडे सोपे घेतलेत म्हणून इंटरफिअरन्स शून्य येतो, मला माहितीये. सगळं एकाच लेखात कोंबायचं नसतं.

तक्ता दुरुस्त केलाय, पेज रिफ्रेश करा.