‘चक्र’ पाणबुडीबद्दल फिरणारा तो मेसेज खोटा आहे

गणपतीचे देखावे ठरायला लागले की कोल्हापुरातल्या तालमींच्या ग्रुपवर नौदलाचे मेसेज सुरू होतात. सध्या फिरतोय तो असा : ‘आयएनएस चक्र ही भारतानं बांधलेली, अणुबॉम्ब घेऊन फिरणारी पाणबुडी. अणुभट्टी फुटून वीस जण गेले, म्हणून ती रशियाला द्यावी लागली.’ फलक रंगवायच्या आधी एवढं वाचा.

भारतानं बांधलेली? नाही. ही रशियाची ‘नेरपा’, ‘अकुला’ नावाच्या अणुपाणबुड्यांच्या वर्गातली. १९९३ मध्ये रशियातल्या कोम्सोमोल्स्कच्या गोदीत काम सुरू झालं आणि पैशाअभावी वर्षानुवर्षं रखडलं. ऐन कामात पेमेंट थांबलं की काय होतं, हे आपल्या कारखान्यांच्या उद्यमनगरात वेगळं सांगायला नको. ती पाण्यात उतरली २००६ मध्ये. आपल्याकडे आली ती भाडेतत्त्वावर. १९८८ ते १९९१ मधली पहिली ‘चक्र’सुद्धा भाड्याचीच, सोव्हिएत बनावटीची.

माझा खरा आक्षेप आहे तो ‘अणुभट्टी फुटली’ याला. ८ नोव्हेंबर २००८ रोजी जपानच्या समुद्रात चाचणी चालू होती. पाणबुडीवर दोनशेहून जास्त माणसं होती. आग लागलेली नसताना आग विझवणारी यंत्रणा सुरू झाली आणि पुढच्या कप्प्यांत फ्रेऑन वायू भरला. बंद जागेत असा वायू सुटला की श्वासापुरती हवा उरत नाही. वीस जण त्यात गेले. त्यांतले सतरा नौसैनिक नव्हतेच, चाचणीसाठी आलेली साधी नागरी माणसं होती. अणुभट्टीला काही झालं नाही. पाणबुडी स्वतःच्या बळावर बंदरात परतली. या माणसांच्या मरणाचं कारण तरी खरं सांगूया.

शिवाय तारखा बघा. अपघात २००८ चा. आपल्या नौदलात ती विशाखापट्टणमला दाखल झाली ४ एप्रिल २०१२ रोजी, आणि २०२१ मध्ये परत गेली. भाडेकरारच दहा वर्षांचा होता.

राहिला अणुबॉम्ब. अणुभट्टी पाणबुडी चालवते, तिचा शस्त्राशी संबंध नाही. ‘चक्र’वर अण्वस्त्रं नव्हती, शत्रूची जहाजं आणि पाणबुड्या गाठणं हे तिचं काम. अण्वस्त्रांसाठी आपण बांधली ती २०१६ ची ‘अरिहंत’, आणि २०२४ मध्ये ‘अरिघात’. ‘चक्र’सारखी हल्ला करणारी अणुपाणबुडी भारतात अजून बांधून झालेली नाही. अशा दोन बांधायला केंद्रानं ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजुरी दिली.